आई-बाबांची पहिली क्रूझ: मुंबई-गोवा की सिंगापूर?

बेळगावच्या शहापुरातून एका ताईंनी विचारलंय. आई-बाबांच्या लग्नाला यंदा चाळीस वर्षं होतात, म्हणून दोघांना क्रूझवर पाठवायचंय. वडील सत्तरीचे, बीपीची गोळी चालू. आईचे गुडघे दुखतात, गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटात हमखास गाडी लागते, आणि त्या अंडंसुद्धा खात नाहीत. एजंट म्हणतो, सिंगापूरच्या मोठ्या जहाजावर पाठवा. आजी म्हणते, 'रामदास' बोटीचं काय झालं ते आठवा. ताई आणि त्यांचे यजमान नोकरीमुळे सोबत जाऊ शकत नाहीत. काय करावं?

ताई, सिंगापूर यंदा नको. मुंबई-गोवा करा, दोन रात्रींची. आवडली तर पुढच्या वर्षी सिंगापूर आहेच.

मी खानापूर तालुक्यातला. आमच्या भागातली बरीच पोरं गोव्यामार्गे जहाजावर जातात, तसाच गेलो. केबिन स्टुअर्ड म्हणून लागलो आणि हाउसकीपिंगचा सुपरवायझर होऊन उतरलो. आता बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या ज्येष्ठांचे गट घेऊन जातो. त्यामुळे जहाज मी आधी बादली-फडक्याच्या बाजूने पाहिलंय, प्रवाशांच्या बाजूने नंतर. ब्रोशरमध्ये घसरगुंडी आणि नाचगाणी दिसतात. सत्तरीच्या माणसाची सहल ठरते ती केबिन कुठे आहे, संडास कसा आहे आणि जेवायला किती चालावं लागतं यावर.

चालण्यापासूनच सुरू करू. सिंगापूरहून जी मोठी जहाजं सुटत आली आहेत त्यातलं 'स्पेक्ट्रम ऑफ द सीज' ३४७ मीटर लांब आहे. केबिन एका टोकाला आणि जेवणघर दुसऱ्या टोकाला आलं, तर गुडघेदुखीच्या माणसाने दिवसातून तीन वेळा जाऊन-येऊन किती चालायचं? लिफ्ट असतात, पण लिफ्टपर्यंतही चालावंच लागतं. आपल्याकडचं कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' जहाज साधारण २११ मीटरचं. जहाज जुनं आहे, १९९० सालचं, आधी रॉयल कॅरिबियनकडे होतं, २०२१ पासून आपल्या किनाऱ्यावर चालतंय. केबिन लहान आहेत, नव्या जहाजांचा झगमगाट तिथे नाही. पण कुठूनही कुठेही माणूस दमायच्या आत पोहोचतो, कर्मचारी हिंदी बोलतात, ताटात वरण-भात येतो. सोबत पोरं नसताना हे फार मोलाचं आहे. त्यात सिंगापूर म्हणजे विमान, व्हिसा आणि प्रत्येक बंदरात इमिग्रेशनच्या रांगा. एजंटला कुठल्या तिकिटावर जास्त सुटतात ते मी सांगायला नको.

लक्षद्वीपची फेरी कोणी सुचवली तर तीही यंदा टाळा. तिथे एवढं मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. खोल पाण्यात उभं राहतं आणि प्रवाशांना छोट्या बोटीत उतरवून बेटावर नेतात. खाली बोट हलत असते, वर जहाज हलत असतं, आणि मधलं पाऊल गुडघ्यानेच टाकायचं असतं. हवा बिघडली की उतरणंच रद्द होतं, त्याचे पैसे परत मिळतीलच असंही नाही.

महिना कुठला? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत अरबी समुद्राचं नाव काढू नका, त्या दिवसांत ही जहाजं पश्चिम किनारा सोडून चेन्नईकडे वळतात. मे महिन्यात तिकीट स्वस्त दिसेल, पण महिनाअखेर वारा फिरतो. ज्यांना चोर्ल्यात गाडी लागते त्यांनी ती स्वस्ताई घेऊ नये.

आता केबिन. पैसे वाचवायचे तर इतर कशातही वाचवा, केबिनमध्ये नको. जहाज लाटेवर पुढेमागे डुलतं तेव्हा नाक आणि शेपूट सगळ्यात जास्त वरखाली होतात, मधला भाग कमी. कुशीवर कलतं तेव्हा वरचे मजले जास्त झुलतात, खालचे कमी. म्हणून बोट लागणाऱ्या माणसाला लांबीच्या मधोमध आणि खालच्या डेकवरची केबिन द्यायची. गंमत अशी की वरच्या डेकच्या केबिन महाग असतात आणि लोक त्याच मानाच्या समजतात. तुम्ही खालची मागितली की एजंट 'अपग्रेड फुकट देतो' म्हणेल. घेऊ नका. तसंच 'गॅरंटी' नावाचं एक स्वस्त तिकीट असतं. त्यात फक्त प्रकार ठरतो, केबिन नंबर कंपनी मागाहून देते. तरुणांना ठीक, तुमच्या आईला नाही. नंबर आधी पक्का करून घ्या.

नंबर मिळाला की जहाजाचा डेक प्लॅन उघडा, कंपनीच्या साइटवर असतो. आपल्या केबिनच्या बरोबर वर काय आहे आणि बरोबर खाली काय आहे ते बघा. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर उत्तम. वर पोहण्याचा तलाव किंवा बुफे असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा खरखराट डोक्यावर येतो. खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर मध्यरात्रीपर्यंत बेडला धाप धाप जाणवत राहतं. अगदी पुढच्या टोकाला नांगराच्या साखळीचा आवाज येतो, तो कधी पहाटे पाचलाही येतो. या तक्रारी घेऊन लोक माझ्याकडे यायचे आणि जहाज भरलेलं असलं की हात जोडण्यापलीकडे मी काही करू शकत नव्हतो.

आतली, बिनखिडकीची केबिन स्वस्त पडते. तरुण पोरं झोपायलाच येतात, त्यांना चालते. ज्येष्ठांना मी ती घेऊ देत नाही. आतल्या केबिनमध्ये दिवा मालवला की आपला हात आपल्याला दिसत नाही. पहाटे चारला बाथरूमला उठलेला माणूस क्षणभर आपण कुठे आहोत तेच विसरतो. आणि बाथरूमच्या दाराला उंबरा असतो, चांगला वीतभर नसला तरी चार बोटं तरी असतो, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. घरच्या सवयीने पाय घसटत गेलं की त्यालाच ठेच लागते. खिडकीची केबिन घ्या. बाल्कनी हवीच असं नाही, दोन रात्रींसाठी ते पैसे वाया जातात असं माझं मत. सोबत प्लगला लावायचा छोटा नाइट लॅम्प द्या. एक्स्टेन्शन बोर्ड, इस्त्री, केटल मात्र देऊ नका. सामानाच्या तपासणीत काढून घेतात आणि उतरताना परत देतात.

आता बोट लागण्याचं. यात लोक एक चूक हमखास करतात. मळमळायला लागल्यावर गोळी घेतात. तोपर्यंत उशीर झालेला असतो, गोळी पोटात टिकत नाही. एव्होमिन किंवा डॉक्टर देतील ती गोळी जहाज सुटण्याच्या तास-दोन तास आधी घ्यायची. या गोळ्यांनी झोप येते, तोंड कोरडं पडतं. वडिलांनाही द्यायची असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. प्रोस्टेट वाढलेला असेल किंवा डोळ्याला काचबिंदू असेल तर यातल्या काही गोळ्या चालत नाहीत. बीपीच्या गोळीबरोबर चालतील का तेही त्यांनाच सांगू दे, मला किंवा मेडिकलवाल्याला विचारू नका. आणि झोप येणारी गोळी घेऊन रात्री एकट्याने डेकवर जायचं नाही, हे दोघांनाही बजावून सांगा.

बाकी उपाय साधे. मळमळ होते कारण डोळे सांगतात खोली स्थिर आहे आणि कानाच्या आतला तोल सांगतो की हलतोय. म्हणून केबिनमध्ये पडून मोबाइल बघणं हा सगळ्यात वाईट उपाय. उघड्या डेकवर मधल्या भागात खुर्चीत बसून लांबची क्षितिजाची रेघ बघत राहायचं. पोट रिकामं ठेवायचं नाही, तुडुंबही भरायचं नाही. आल्याची वडी जवळ ठेवा, कोरडी बिस्किटं ठेवा. मनगटावर घालायचे पट्टे मिळतात, त्याने काही होतं असं मला तरी दिसलं नाही, पण मनाला बरं वाटत असेल तर घालावे. हिवाळ्यातल्या मुंबई-गोव्याला समुद्र बहुतेक वेळा शांतच असतो आणि जहाजाला पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, ते कलणं कमी करतात. खरं सांगायचं तर चोर्ल्याची वळणं जास्त वाईट.

आजींचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. 'रामदास' १७ जुलै १९४७ ला रेवसला जाताना बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. कोकणातल्या घराघरात ती गोष्ट आहे, आमच्याकडेही आहे. पण आजींना तारीख दाखवा. जुलै. ऐन पावसाळ्यात, माणसांनी भरलेली छोटी आगबोट. आजच्या जहाजाची तुलना तिच्याशी होत नाही. धोका कशात असतो ते बघायचं तर २०१२ सालच्या इटलीतल्या 'कोस्टा कॉनकॉर्डिया'कडे बघा. जहाज किनाऱ्याच्या फार जवळून नेलं, खडकाला लागलं, ३२ जण गेले. त्या दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची सुरक्षेची कवायतच झालेली नव्हती, तेव्हा २४ तासांत घेतली तरी चालायचं. त्यानंतर नियम बदलला. आता कवायत जहाज सुटायच्या आधी किंवा सुटताक्षणी घ्यावीच लागते.

तिला मस्टर ड्रिल म्हणतात. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा, हा धोक्याचा इशारा. तो ऐकला की केबिनच्या किल्लीच्या कार्डावर छापलेल्या मस्टर स्टेशनवर, म्हणजे जमायच्या ठरलेल्या जागी, जायचं. आपले लोक या वेळी बुफेत असतात. 'काय ओ, नंतर दाखवा की' असं म्हणणारे मी कितीतरी पाहिले. आई-बाबांना सांगा की ड्रिल चुकवायची नाही आणि संपली की केबिनपासून मस्टर स्टेशनपर्यंत जिन्याने एकदा सावकाश चालून यायचं. खऱ्या वेळी लिफ्ट वापरता येत नाही. गुडघ्यांना किती वेळ लागतो ते त्यातून कळतं. केबिन खालच्या डेकवर असल्याचा एवढा एक तोटा आहे, जिना चढायचा असतो. व्हीलचेअर किंवा मदत लागणार असेल तर बुकिंग करतानाच लिहून द्या, म्हणजे त्यांचं नाव मदत लागणाऱ्यांच्या यादीत जातं. ऐनवेळी धक्क्यावर मागितली तर मिळतेच असं नाही.

देवपूजा. हे तुम्ही विचारलं नाही, पण सांगतो. एका जहाजावर गुरुवारी सकाळी आमच्या विभागाला फोन आला, अमुक केबिनमध्ये धुराचा इशारा. मी पोहोचलो तोवर आग विझवणारे दोघं बूट-हेल्मेट घालून दारात उभे. आत एक आजोबा, कंबरेला टॉवेल, आरशाला दत्ताचा फोटो टेकवलेला, आणि पाण्याच्या ग्लासात उभी केलेली उदबत्ती. बिचारे घाबरून गेले होते. मला बघून पहिला प्रश्न विचारला, 'पूर्व कुठं हाय?' त्यांना समजावून सांगितलं की जहाज वळतं तशी केबिनची पूर्वही वळते. उदबत्तीचा पुडा सिक्युरिटीने ठेवून घेतला, उतरताना दिला. जहाजावर आगीइतकी भीती कशाचीच नसते, म्हणून उदबत्ती, निरांजन, धूप, मेणबत्ती काहीही नको. सेलवरची पणती चालते. फोटो आणि स्तोत्राचं पुस्तक कोणी अडवत नाही.

संडास व्हॅक्यूमचा असतो. बटण दाबलं की एकदम सूं करून ओढून घेतो, पहिल्यांदा माणूस दचकतो. झाकण लावून मग बटण दाबायला सांगा. कागदाशिवाय काहीही त्यात टाकायचं नाही, नाहीतर शेजारच्या चार केबिनचेही बंद पडतात. परदेशी जहाजांवर पाण्याचा जेट बहुतेक नसतो, तेव्हा बाथरूमसाठी एक रिकामी बाटली बॅगेत असू द्या.

जेवणाची काळजी मुंबईच्या जहाजावर करायला नको, शाकाहारी आणि जैन दोन्ही मिळतं. तरी वाढणाऱ्याला पहिल्याच दिवशी 'अंडं नाही' हे वेगळं सांगायचं, कारण केक आणि पुडिंगमध्ये ते असतं आणि शाकाहारीच्या पाटीखाली सगळीकडे एकच अर्थ नसतो. घरचा शिजवलेला डबा चढवू देत नाहीत. कडक भाकरी, सीलबंद पुड्यातली शेंगाचटणी, चिवडा यांना बहुतेक वेळा कोणी हात लावत नाही, पण तपासणीवाल्यावर अवलंबून असतं. बुफेत जायच्या आधी साबणाने हात धुवायचे. दारातला सॅनिटायझर पुरत नाही, जहाजावर पसरणारा जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस त्याने नीट मरत नाही. आणि बाबांना लोणचं-पापड जरा बेताने, बुफेत जेवून बीपी वाढलेले पेशंट डॉक्टरांकडे मी बरेच पोहोचवलेत. जहाजावर डॉक्टर आणि नर्स असतात, पण त्यांची फी वेगळी लागते. तुमच्या मेडिक्लेममधून ती परत मिळते का ते आधी विचारून ठेवा. गोळ्या मूळ पाकिटात, चार दिवस जास्तीच्या, आणि प्रिस्क्रिप्शनसह.

या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवायच्या, मोठ्या बॅगेत नाही. मोठी बॅग धक्क्यावरच घेतात आणि ती केबिनच्या दारात येईपर्यंत संध्याकाळ होते. उतरायच्या आदल्या रात्री उलट व्हायचं असतं, बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात. तेव्हा सकाळी घालायचे कपडे आणि चप्पल बाहेर काढून ठेवावी. सगळं भरून टाकून सकाळी नाइटड्रेसमध्ये उतरणारा कोणी ना कोणी असतोच.

पैशाचं थोडक्यात. जहाजावर रोख चालत नाही, केबिनची किल्ली असते तेच कार्ड दाखवायचं आणि शेवटी बिल येतं. म्हणूनच खर्च कळत नाही. जाहिरातीतलं भाडं दोघांत एक केबिन धरून प्रत्येकी असतं, त्यावर बंदराचं शुल्क, कर आणि सेवाशुल्क चढतं. 'सगळं धरून किती' ते एजंटकडून लिहून घ्या. फोटोग्राफर फोटो काढेल, काढू द्या, विकत घ्यायचे की नाही ते नंतर. केबिनमधल्या फ्रिजमधलं काही उघडू नये. दारूचं पॅकेज या दोघांना लागणार नाही. पुढे परदेशी जहाजावर गेलात तर दर माणशी दर दिवशी साधारण १५ ते २० डॉलर टिप आपोआप बिलात लागते, ते बजेटमध्ये धरा. ती बिलातून काढून टाकायला सांगू नका. ज्या पोराने तुमचा संडास धुतला त्याच्या घरी ते पैसे जातात.

फोन जहाज सुटलं की एअरप्लेन मोडवर. किनारा दिसेनासा झाला की फोन जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि त्याचं बिल घरच्या रिचार्जमध्ये बसत नाही. जहाजाचं वायफाय विकत घेता येतं. दोन रात्रींसाठी काय करायचंय? तुम्हीच रोज फोन करू नका, त्यांना जरा समुद्र बघू द्या.

गोव्यात जहाज मुरगाव बंदराला लागतं. उतरून फिरायला वेळ मिळतो, पण परत यायची वेळ कार्डावर लिहून घ्यावी आणि अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवून यावं. स्वतःची टॅक्सी करून गेलेल्यासाठी जहाज थांबत नाही, कंपनीच्या बसमधल्यांसाठी बहुतेक थांबतं. माझं मत, आईंनी उतरूच नये. गोवा तुम्हाला लांब नाही, आणि सगळे उतरले की रिकामं जहाज फार छान असतं.

आणि बेळगावकरांसाठी एक सोय. काही वेळा मुंबईहून गोव्यापर्यंत एकेरी तिकीटही मिळतं, विचारून बघा. मिळालं तर जाताना सांबऱ्याहून विमानाने किंवा रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायची आणि मुरगावला उतरून थेट घरी यायचं. तसं केलंत तर आईंसाठी चोर्ल्याऐवजी वास्को-लोंढा रेल्वेची वेळ बघा. काहीही करा, मुंबईला एक दिवस आधी पोहोचवा. महामार्गावर कागल-साताऱ्याच्या कामात गाडी अडकली तर जहाज वाट बघत नाही, बोर्डिंग सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं.

तिकिटावरचं नाव आधारवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळवा. आपल्या भागात हा घोळ जास्त, दाखला मराठी शाळेचा, आधार कन्नडवरून इंग्रजीत गेलेलं. एकाच घरातले चौगुले इंग्रजीत तीन तऱ्हेने लिहिलेले मी पाहिलेत. पुढच्या वर्षी सिंगापूर करायचं तर पासपोर्टचा अर्ज देण्याआधीच हे सरळ करून घ्या, आणि परतीला सिंगापुरात पुन्हा शिरावं लागतं म्हणून व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना ते बघा.

तारीख ठरली आणि केबिन नंबर हातात आला की मला कळवा. डेक प्लॅनवर वर-खाली काय आहे ते बघून पैसे भरायच्या आधी सांगतो.